इंग्रजी उपमा : घुबड शहाणं, गाय मात्र अपमान

‘वाचक विचारतात’मध्ये या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले इंग्रजी उपमांबद्दलचे, म्हणजे ‘सिमिली’बद्दलचे प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : कवितेत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की मी ‘सिमिली’ लिहून मोकळा होतो. कधी पूर्ण गुण मिळतात, कधी भोपळा. चुकतं कुठे?
– दहावीचा विद्यार्थी, तासगाव

उत्तर : तू शब्द बघून अलंकार ओळखतोस, तिथेच घोटाळा होतो. ‘चिल्ड्रन लाइक मँगोज’मधलं ‘लाइक’ हे साधं क्रियापद आहे, आवडणे. ‘इट लुक्स लाइक रेन’ म्हणजे पाऊस येईलसं दिसतंय. ‘टाउन्स लाइक विटा अँड जत’मधलं ‘लाइक’ फक्त उदाहरणं देतं. ‘ॲज सून ॲज’, ‘ॲज लाँग ॲज’, ‘ॲज वेल ॲज’ ही तर उभयान्वयी अव्ययं. ‘ॲज द क्रो फ्लाइज’मध्ये कावळा असला तरी उपमा नाही. त्याचा अर्थ सरळ रेषेत मोजलेलं अंतर. वाई ते महाबळेश्वर पसरणी घाटाच्या वळणावळणांनी जितकं पडतं, त्याहून ‘ॲज द क्रो फ्लाइज’ बरंच कमी भरेल.

ही चाळणी झाली की दुसरी लाव. ज्यांची तुलना केली आहे त्या दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या आहेत का? ‘राजू इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर’ म्हणजे राजू भावाएवढा उंच आहे. हे माप झालं, उपमा नव्हे. ‘राजू इज ॲज टॉल ॲज अ कोकोनट ट्री’ ही उपमा, कारण माणसाला झाडाशेजारी उभं केलं आणि उंचीपुरतंच साम्य धरलं.

उत्तर लिहिताना मराठी व्याकरणातले चार भाग आठव : उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), उपमान (ज्याची उपमा दिली ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि साम्यवाचक शब्द. समजा ओळ आहे, ‘द क्लाउड्स मूव्ह्ड लाइक अ फ्लॉक ऑफ शीप’. तर उत्तर असं : ‘द क्लाउड्स आर कंपेअर्ड टु अ फ्लॉक ऑफ शीप. बोथ आर व्हाइट अँड मूव्ह स्लोली टुगेदर. द वर्ड लाइक शोज द कंपॅरिसन.’ यातलं मधलं वाक्यच बहुतेक जण गाळतात. ओळीत साधारण धर्म सांगितलेला नसतो, तो आपण शोधून लिहायचा असतो. नुसती व्याख्या लिहून तो भरून निघत नाही. साम्य दाखवताना ‘कंपेअर्ड टु’ म्हण. ‘विथ’ येतो तो दोन गोष्टी ताडून पाहताना.

‘लाइक’ काढून ‘द क्लाउड्स वेअर अ फ्लॉक ऑफ शीप’ असं केलं की ते रूपक, ‘मेटाफर’. मराठीत ‘जणू’ आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीच्या शालेय यादीत तिला वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ने केलेली तुलनाही तिथे ‘सिमिली’तच धरतात.

प्रश्न : वर्गात उपमांच्या याद्या पाठ करून घेतो, तरी मुलांची वाक्यं चुकतात. कोणत्या चुकांवर भर द्यावा?
– शिक्षिका, विटा

उत्तर : पहिली आणि सर्वांत पसरलेली चूक आर्टिकलची. ‘ॲज ब्रेव्ह ॲज लायन’ असं मुलं लिहितात, कारण ‘सिंहासारखा शूर’मध्ये सिंहाआधी काहीच नसतं. उपमान मोजता येणारं आणि एकवचनी असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवाच : ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन, ॲज लाइट ॲज अ फेदर, ॲज स्लिपरी ॲज ॲन ईल. मोजता न येणारा पदार्थ असेल तर काही नको : ॲज व्हाइट ॲज स्नो, ॲज कोल्ड ॲज आइस, ॲज गुड ॲज गोल्ड. जगात एकच असलेल्या गोष्टीला ‘द’ : ॲज ब्राइट ॲज द सन. ‘ॲज ओल्ड ॲज द हिल्स’मध्येही ‘द’ येतो, तो रुळलेला आहे म्हणून तसाच शिकवायचा. ‘ॲज हार्ड ॲज नेल्स’ अनेकवचनीच असतं. तिथे ‘नेल्स’ म्हणजे खिळे, नखं नव्हेत, आणि वर्णन असतं कठोर माणसाचं.

दुसरी चूक वचनाची. मराठीत ‘सारखा’ हा शब्द उपमेयाप्रमाणे बदलतो आणि उपमान बहुधा एकवचनीच राहतं : मुलगा वाघासारखा लढला, मुली वाघासारख्या लढल्या. वाघ एकच. इंग्रजीत नेमकं उलटं. ‘लाइक’ तसाच राहतो, उपमान बदलतं : ही फॉट लाइक अ टायगर, दे फॉट लाइक टायगर्स. ‘दे वेअर ॲज बिझी ॲज अ बी’ हे कानाला खटकतं, ‘ॲज बीज’ हवं.

तिसरी चूक, दोन साच्यांची भेसळ : ‘ॲज फास्ट लाइक अ डिअर’, ‘सेम लाइक हिज फादर’, ‘ॲज सेम ॲज’. यातलं एकही चालत नाही. ‘ॲज’ने उघडलं तर ‘ॲज’नेच मिटायचं. ‘सेम’ला ‘द सेम ॲज’ लागतं, आणि बोलण्यातल्या ‘सेम टु सेम’ऐवजी ‘जस्ट लाइक’ पुरतं. दोन ‘ॲज’च्या मध्ये विशेषणाचं मूळ रूपच बसतं. ‘ॲज ब्रेव्हर ॲज’ नाही. ‘ब्रेव्हर’ हवं असेल तर पुढे ‘दॅन’. ‘लाइक’नंतर सर्वनाम आलं तर ‘लाइक हिम’, ‘लाइक मी’. ‘लाइक ही’ नव्हे.

सरावात एक बदल सुचवतो. ‘ॲज बिझी ॲज अ –’ अशी रिकामी जागा देऊन नाम भरून घेतलं की पाठांतर तपासलं जातं, व्याकरण नाही. नाम आणि विशेषण द्या, आर्टिकलची जागा मोकळी सोडा, आणि ‘अ, ॲन, द किंवा काही नाही’ यांतून निवडायला लावा. मग प्रत्येक वाक्य अनेकवचनात करून घ्या. एका तासात कोण कुठे अडतं ते कळेल.

प्रश्न : ‘ॲज अ फादर’ आणि ‘लाइक अ फादर’ यांत फरक काय?
– एक वाचक, वाई

उत्तर : ‘ॲज अ फादर, आय ॲडव्हाइज यू’ म्हणजे मी तुझा बाप आहे आणि त्या नात्याने सांगतो. ‘लाइक अ फादर’ म्हणजे बाप नाही, पण बापाच्या मायेने. पहिल्यात उपमाच नाही. अर्जात ‘आय वर्क्ड लाइक अ टीचर फॉर टू इयर्स’ लिहिणाऱ्याने आपण शिक्षक नव्हतो अशी कबुलीच दिलेली असते. तिथे ‘ॲज अ टीचर’ हवं.

आणखी एक. ‘ही टॉक्स लाइक ही इज द किंग’ असं बोलताना सर्रास ऐकू येतं, पण लेखी आणि परीक्षेच्या इंग्रजीत पूर्ण वाक्य जोडायचं तर ‘ॲज इफ ही वेअर द किंग’ लिहावं. एकवचनी ‘ही’पुढचा ‘वेअर’ इथे बरोबर आहे. तो राजा नाही, हे त्यातूनच कळतं.

प्रश्न : मराठी उपमा इंग्रजीत तशाच नेल्या तर चालतात का? ‘ती गायीसारखी गरीब आहे’ याचं भाषांतर केलं, तर प्राध्यापकांनी लाल शाईने अधोरेखित केलं.
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कराड

उत्तर : अधोरेखित केलं ते बरंच झालं. इंग्रजीत बाईला ‘काऊ’ म्हणणं हा अपमान आहे. ‘गरीब’ला ‘पुअर’ केलं असेल तर भरीला दारिद्र्यही आलं. तुम्हाला हवं होतं ‘ॲज जेंटल ॲज अ लँब’.

एखाद्या प्राण्याचा कोणता गुण उचलायचा हे प्राणी ठरवत नाही, भाषा ठरवते. हत्तीचंच बघा. आपल्याकडे गजगामिनी ही स्तुती, कारण हत्तीची डौलदार चाल काव्यात रुळलेली. इंग्रजीत ‘शी वॉक्स लाइक ॲन एलिफंट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला पायांची धपधप ऐकू येईल. इंग्रजी भाषेने हत्तीची स्मरणशक्ती उचलली आहे : ‘अ मेमरी लाइक ॲन एलिफंट’. चंद्रमुखीचंही तसंच. ‘मून-फेस्ड’ म्हणजे गरगरीत तोंडाची, आणि ‘मून फेस’ ही वैद्यकात स्टेरॉइडने चेहरा सुजतो त्याची संज्ञा आहे. प्रेमपत्रात वापरू नये. घुबड आपल्याकडे अशुभ, हिंदीत मूर्ख, इंग्रजीत मात्र ‘ॲज वाइज ॲज ॲन आउल’. ग्रीक विद्यादेवता अथीनाचा हा पक्षी, अथेन्सच्या नाण्यांवरही तो असे. त्या परंपरेतून शहाणपण त्याच्याकडे आलं.

सर्वांत फसवा मासा. वारकरी अभंगांत पाण्याबाहेरची मासोळी विरहाने तळमळते. इंग्रजी ‘लाइक अ फिश आउट ऑफ वॉटर’मध्ये विरह नाही, अवघडलेपण आहे. पाटणच्या खोऱ्यातला मुलगा पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी बावरला, तर ही उपमा अचूक. त्याला आईची आठवण येऊन रडू आलं, हे सांगायला ती निरुपयोगी. ‘ड्रिंक्स लाइक अ फिश’ म्हणजे तर दारू ढोसतो.

कोल्ह्याची धूर्तता, सिंहाचं शौर्य, पिसाचा हलकेपणा या दोन्हीकडे जुळतात. ते निर्धास्त न्या. बाकी प्रत्येक उपमान शिकाऊंसाठी केलेल्या चांगल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात त्या नामाखाली पाहा. रुळलेली उपमा बहुधा तिथेच दिलेली असते.

प्रश्न : उलट दिशेने अडचण येते. इंग्रजी मजकुरातल्या ‘ॲज डेफ ॲज अ पोस्ट’सारख्या उपमांचं मराठी कसं करावं? ‘खांबासारखा बहिरा’ विचित्र वाटतं.
– भाषांतराची कामं करणारे वाचक, सातारा

उत्तर : विचित्र आहेच. इथे खांबाकडे बघूच नका. अशा रुळलेल्या उपमेत उपमानाचं चित्र पुसट झालेलं असतं आणि उरतं ते फक्त ‘अगदी’, ‘पूर्ण’ एवढंच काम. मराठीत ते काम जोडशब्द करतात, आणि त्यांत आपण श्रीमंत आहोत. म्हणून ठार बहिरा. ‘ॲज ड्राय ॲज अ बोन’ – कोरडाठाक. ‘ॲज ब्लॅक ॲज कोल’ – काळाकुट्ट. ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ – पांढराशुभ्र. पण ‘ॲज व्हाइट ॲज अ शीट’ – पांढराफटक, कारण ही पांढरी चादर भीतीने उतरलेल्या चेहऱ्यासाठीच आहे. ‘ॲज गुड ॲज न्यू’ – नव्यासारखा, नवाकोरा नव्हे, कारण वस्तू वापरलेलीच असते. याच साच्यातलं ‘ॲज गुड ॲज फिनिश्ड’ म्हणजे जवळजवळ संपलेलं. आणि ‘ॲज गुड ॲज गोल्ड’ बहुधा न त्रास देणाऱ्या, गुणी मुलासाठी. सोन्यासारखा माणूस म्हणताना आपल्या मनात जी उदारता, जो मोठेपणा असतो तो त्यात नाही.

कधी म्हण धावून येते. ‘दे फाइट लाइक कॅट अँड डॉग’साठी विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. ‘लाइक टू पीज इन अ पॉड’साठी मात्र एका माळेचे मणी वापरताना जपा. मराठीत त्याला टोमण्याची धार आहे, इंग्रजीत ती नसते. ‘लाइक वॉटर ऑफ अ डक्स बॅक’ला पालथ्या घड्यावर पाणी हे सुचतं, तेही पूर्ण जुळत नाही. बदकाची पिसं तेलकट, त्यांवरून पाणी ओघळून जातं, तशी टीका माणसाला लागत नाही, असा तिचा अर्थ. पालथ्या घड्यात वाया जातो तो उपदेश. संदर्भ टीकेचा असेल तर ‘बोलणं अंगाला लावून न घेणं’ असं साधं लिहिलेलं बरं.

उपमा जिवंत असेल, म्हणजे लेखकाने स्वतः घडवलेली असेल, तर हा नियम लागू नाही. तिथे चित्र जसंच्या तसं आणायचं, वाचकाला ते अनोळखी असलं तरी.

प्रश्न : ‘फिट ॲज अ फिडल’मध्ये फिडल कशासाठी? वाद्य तर सतत लावून घ्यावं लागतं! अशा आणखी काही उपमांचं मूळ सांगाल का?
– तंतुवाद्यांच्या गल्लीतले वाचक, मिरज

उत्तर : सतार-तंबोऱ्यांच्या गावातून हा प्रश्न यावा हे छानच. ही उपमा जुळली तेव्हा ‘फिट’चा मुख्य अर्थ सुदृढ असा नव्हता. योग्य, नीट, कामास सज्ज असा होता. लावलेलं, सज्ज वाद्य म्हणून फिडल. व्यायामाचा अर्थ नंतर चिकटला. शिवाय दोन्ही शब्द ‘फ’ने सुरू होतात, आणि हे कारण कमी समजू नका. बिझी-बी, कूल-कुकंबर, गुड-गोल्ड, प्लीज्ड-पंच, राइट-रेन : इंग्रजीत टिकलेल्या बऱ्याच उपमा अनुप्रासावर टिकल्या आहेत. म्हणून मुंगी मधमाशीइतकीच कामसू असली तरी ‘ॲज बिझी ॲज ॲन अँट’ रुळलं नाही.

‘ॲज प्लीज्ड ॲज पंच’मधला पंच म्हणजे ठोसा नव्हे आणि पेयही नव्हे. ‘पंच अँड जूडी’ या बाहुल्यांच्या खेळातलं ते नाकाड्या, स्वतःवर भलतंच खूश असलेलं पात्र. विशेषनाम आहे, म्हणून लिहिताना त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. ‘ॲज मॅड ॲज अ हॅटर’ 1830च्या दशकातच छापलेली सापडते. फेल्टच्या टोप्या करताना पाऱ्याचं संयुग वापरत, त्याच्या वाफांनी कारागिरांना कंप सुटे, स्वभाव बिघडे. उपमेचा उगम सहसा त्याच्याशी जोडला जातो. ‘ॲज डेड ॲज अ डोडो’तला डोडो हा मॉरिशसचा न उडणारा पक्षी, सतराव्या शतकात नामशेष झाला. ही उपमा कालबाह्य झालेल्या गोष्टीला लावतात. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल ती वापरणं असभ्य दिसेल. ‘ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट’ तर वस्तुस्थितीला धरूनच नाही, वटवाघळांना दिसतं. पण उपमा प्राणिशास्त्राला विचारून चालत नाहीत.

प्रश्न : निबंधात स्वतःच्या उपमा घालायच्या आहेत. कास पठार ‘लाइक अ कार्पेट ऑफ फ्लॉवर्स’ लिहिलं, पण सगळ्यांनीच तेच लिहिलं होतं.
– बारावीची विद्यार्थिनी, फलटण

उत्तर : गालिचा वापरून झिजला आहे, सोडून दे. आधी ठरव की नेमका कोणता गुण सांगायचा आहे : रंग, गर्दी, वाऱ्यावर हलणं, की फुलांचा लहानखुरा आकार? एकच धर. मग तो गुण ज्याच्यात ठळक आहे आणि वाचकाने पाहिलेली आहे अशी वस्तू शोध. शेवटी त्या वस्तूचे बाकीचे गुण आड येत नाहीत ना ते बघ. गालिच्याचा त्रास हाच की तो सपाट आणि निश्चल असतो, शिवाय त्यावर चालतात. कासला फुलं तुडवू नका म्हणून सांगतात!

इथला भाग उपमानांनी भरलेला आहे. ऑगस्टमधली कृष्णा सांगलीत कशी चढते? ‘द रिव्हर रोज लाइक मिल्क ऑन अ हॉट स्टोव्ह’ : आधी संथ, मग एकदम, लक्ष हटलं की काठाबाहेर. दुधाचं उतू जाणं जगात कुठेही कळतं. आजीचे हात ‘रिंकल्ड लाइक रेझिन्स’. बेदाणा तासगावचा असला तरी सुरकुत्या सगळीकडे त्याच. ‘ॲज यलो ॲज टर्मरिक’ही चालेल. पण ‘लाइक द वॉटर ऑफ कोयना’ लिहिलंस तर बाहेरच्या वाचकाला काही दिसणार नाही. ‘लाइक वॉटर लेट आउट ऑफ अ डॅम’ म्हण, मग धरण कोणतं ते माहीत नसलं तरी लोंढा दिसतो. साधारण धर्म उघड असेल तर सांगू नकोस. ‘हिज व्हॉइस वॉज लाइक सँडपेपर’ पुरे, पुढे ‘रफ’ कशाला? दीडशे शब्दांच्या निबंधात एक ताजी उपमा भरपूर झाली. दोन लागोपाठ आल्या की दोन्ही पडतात.

प्रश्न : उच्चार ‘सिमाइल’ की ‘सिमिली’?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : सिमिली, तीन अवयव, जोर पहिल्यावर. शेवटचा ‘ई’ गप्प नाही. उपमा वाचताना ‘ॲज’ ठासून म्हणू नका. तो जवळजवळ ‘अझ’ होतो आणि जोर पडतो विशेषणावर व उपमानावर : अझ बिझी अझ अ बी. बोलण्यात पहिला ‘ॲज’ गळतोही : ‘कूल ॲज अ कुकंबर’. परीक्षेत दोन्ही लिहा.

प्रश्न : परदेशी ग्राहकाला आमच्या यंत्राची माहिती पाठवली. त्यांचं उत्तर आलं, ‘युअर मॅन्युअल इज ॲज क्लिअर ॲज मड.’ हे कौतुक समजायचं का?
– लघुउद्योजक, सांगली

उत्तर : नाही. चिखलाइतकं स्पष्ट, म्हणजे काहीच कळलं नाही. इंग्रजीत उपरोधाच्या उपमांची अशी एक जातच आहे. ‘ॲज यूसफुल ॲज अ चॉकलेट टीपॉट’ त्यातलीच : चॉकलेटच्या किटलीत गरम चहा ओतला की किटलीच वितळते. ओळखायची खूण अशी की विशेषण चांगलं आणि उपमानात नेमका तोच गुण नसतो. शब्द थट्टेचे आहेत, त्यामुळे ग्राहक चिडला असेलच असं नाही. उत्तरात आभार वगैरे न मानता कोणत्या पायरीला अडलं ते विचारा आणि आकृत्यांसह मॅन्युअल पुन्हा पाठवा. त्यात स्वतः मात्र उपमा घालू नका. ‘टाइटन द बोल्ट ॲज हार्ड ॲज अ रॉक’ वाचून बोल्ट किती आवळायचा ते कुणालाच कळणार नाही, तिथे टॉर्कचा आकडा द्या.